ओळीतला शुभेच्छुक

११ डिसेंबर २०१५, शुक्रवार

पूर्णिमा म्हणायची, राग आला की तोंड उघडू नकोस, वही उघड. तेव्हा ऐकलं नाही. आता ऐकतोय, कारण इथं कतारमध्ये, दोह्यात, माझ्याशी भांडायला हक्काचा मराठी माणूस एकच, रूममेट पोपटराव, आणि ते भांडण रंगात आलं की घोरायला लागतात.

तर मी कुशल. सांगलीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. काढलं नाही, सोडलं. हा फरक विभावरीकाकूंना अजून पटत नाही. काकू म्हणजे बाबांच्या लांबच्या नात्यातल्या, राहतात दोह्यातच, अल हिलाल भागात. त्यांच्या यजमानांनी, श्यामकाकांनीच मला इथं चिकटवलं. बावीसच्या फुटबॉल वर्ल्ड कपसाठी जुनं स्टेडियम नव्यानं उभं राहतंय, त्याच्या साइट ऑफिसात मी असिस्टंट. ड्रॉइंगच्या प्रिंट काढायच्या, फायली लावायच्या आणि मिस्टर क्लाइडच्या केबिनबाहेर बसायचं.

आज काकूंकडे जेवायला होतो. कटाची आमटी वाढता वाढता काकू म्हणाल्या, "परीक्षा बाहेरून देता येते म्हणे." मी म्हटलं, "ज्या कॉलेजात गुणाला किंमत नाही तिथली डिग्री मला नको." त्यांची वल्लरी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "ही सेज दॅट एव्हरी फ्रायडे, आई." नववीतली पोर! मराठी सगळं कळतं, बोलायला मात्र इंग्लिश.

१५ डिसेंबर

मिस्टर क्लाइड म्हणजे छताच्या पोलादी कामाचे सल्लागार. वय पासष्टच्या पुढे, एकटेच राहतात. अमेरिकेच्या दक्षिणेतले, टेनेसीचे. शब्द चघळत, लांबवत बोलतात. पहिला महिना मला निम्मं कळत नव्हतं. आवाज कधी चढत नाही. फोरमन खोटं बोलला तरी म्हणतात, "चल, पुन्हा एकदा बघू या."

आज दुपारी केबिनमध्ये कॉफी द्यायला गेलो तर लॅपटॉपवर वादविवाद चाललेला. स्टेजवर सात-आठ जण, सगळे एकमेकांच्या अंगावर ओरडतायत. मध्ये निळ्या कोटातल्या एक बाई समोरच्याचं वाक्य संपायची वाट बघत उभ्या.

"ही कोण, सर?"

"लोरेन टॅल्बट. आमची गव्हर्नर."

अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे, मुख्यमंत्री. पुढच्या नोव्हेंबरात तिथं राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आहे. त्याआधी प्रत्येक पक्ष आपला उमेदवार निवडतो, आणि तेही एका दिवसात नाही. एकेका राज्यात मतदान करत करत. फेब्रुवारीपासून सुरुवात. लोरेनबाई त्या उमेदवारीसाठी उभ्या आहेत.

मी विचारलं, "येतील का निवडून?"

मिस्टर क्लाइडनी आवाज बंद केला. म्हणाले, "उत्तरेतले म्हणतात, ही दक्षिणेची. दक्षिणेतले म्हणतात, ही उत्तरेसारखी बोलते. चिडलेल्या माणसाला शांत माणूस आपल्या बाजूचा वाटत नाही, कुशल. आणि यंदा सगळे चिडलेले आहेत."

शाळेत इतिहासाला मवाळ आणि जहाल होते. बाई मवाळ गटातल्या. मी कायम जहालांवर पाच मार्कांचं उत्तर लिहायचो.

"तुम्ही त्यांना ओळखता?"

"कॉलेजात होतो एकत्र," म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. इथं धूळच फार.

रूमवर सांगितलं तर पोपटराव म्हणाले, "म्हंजे बाईंचं इकडं आड, तिकडं हीर." पोपटराव करमाळ्याचे, कंपनीची बस चालवतात. गावाकडं आमदाराचे कार्यकर्ते होते. निवडणूक म्हटली की त्यांचे कान टवकारतात.

१ जानेवारी २०१६

पूर्णिमाचा मेसेज. "हॅपी न्यू इयर. जेवलास का?"

सांगली सोडून वर्ष झालं तरी ती "जेवलास का" विचारते. पोपटरावांना दाखवला. म्हणाले, "माझी बहीण बी मला ह्येच इचारती." त्यांना प्रेमातलं काय कळतंय?

मला तिची निवडणूक आठवत राहिली. पूर्णिमा आमच्या वर्गाची सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, आणि सगळ्या सीआरमधून विद्यापीठ प्रतिनिधी निवडायचा होता. एकीकडं होस्टेलवाल्यांचा गट, दुसरीकडं सांगली-मिरजेतल्या पोरांचा. पूर्णिमा दोन्हींकडं जाऊन बसायची. कॅन्टीनच्या मागं सायकल स्टँडच्या कट्ट्यावर, कागदाच्या पुडीत भडंग, आणि ती समोरच्याचं शांतपणे ऐकून घेतेय. मी तिचे बोर्ड रंगवायचो. रंग संपला की माझ्या बोटांवरचा पुसून घ्यायचो पण अक्षर पुरं करायचो. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर ती पाय सोडून बसायची नि विचारायची, "कोण कोण येईल आपल्याकडं?" आपल्याकडं म्हणायची. माझ्याकडं नाही, आपल्याकडं.

होस्टेलचा एक जण तिच्याबद्दल वाकडं बोलला. मी त्याचं नाक फोडलं. दुसऱ्या दिवशी होस्टेलची सगळी मतं फिरली. फितूर लेकाचे. ती पडली. मी त्याच आठवड्यात कॉलेज सोडलं, तिच्यासाठी. ती राहिली. आता शेवटच्या वर्षाला पहिली आहे.

१९ जानेवारी

आज मिस्टर क्लाइडनी मत टाकलं. परदेशातल्यांना मतपत्रिका टपालानं पाठवता येते. पाकीट माझ्याकडं द्या म्हटलं, पोस्टात टाकून येतो. नको म्हणाले. स्वतः गेले. टाय लावून. त्यांच्याबरोबर चार वर्षं काढलेले लोक सांगतात, ह्या माणसाला टायमध्ये कुणी पाहिलं नव्हतं. पाकीट पेटीत टाकायला टाय कशाला?

२ फेब्रुवारी

आयोवा नावाच्या राज्यात पहिलं मतदान झालं. बाई पाचव्या. मला वाटलं केबिनमध्ये सुतक असेल. मिस्टर क्लाइड म्हणाले, "लोरेनला धावायला सुरुवातीला वेळ लागतो."

मी भारताच्या विमान तिकिटांचे दर बघत होतो. पूर्णिमा चार दिवस मेसेज बघते आणि उत्तर देत नाही. परीक्षा असेल.

१० फेब्रुवारी

तिसऱ्या! न्यू हॅम्पशायरमध्ये लोरेनताई तिसऱ्या आल्या! सकाळी साइटवर पोचलो तर मिस्टर क्लाइड केबिनबाहेर उभं राहून शीळ घालत होते. मला करक, म्हणजे इथला वेलचीचा दाट चहा पाजला. म्हणाले, "तिसरी म्हणजे अजून शर्यतीत. एक मार्चला टेनेसीचं मतदान. स्वतःचं राज्य जिंकली तर तिला कुणी बाजूला सारू शकणार नाही."

"आणि हरली तर?"

"तर संपलं."

"खलास," मी म्हटलं. ते हसले.

पोपटराव म्हणाले, "आमच्या ग्रामपंचायतीला तिसऱ्याचं डिपॉझिट जातंय." पण त्यांनाही चढली होतीच. रात्री जेवताना तेच म्हणाले, "कुशल्या, ताईंचा एक फ्लेक्स झाला पायजे."

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवसभर फ्लेक्सवर. सांगलीत गणेशोत्सवाचे फ्लेक्स मीच करायचो, हात विसरलेला नाही. वर भगवी किनार नको म्हटलं, अमेरिकेला निळी बरी. "अभिनंदन! अभिनंदन!! अभिनंदन!!!" मग "मा. लोरेनताई टॅल्बट यांची न्यू हॅम्पशायर येथे घवघवीत तृतीय क्रमांकावर झेप". खाली इंग्लिशमध्येही. सगळ्यात खाली गोल चौकटींत शुभेच्छुक: पोपटराव कानाला मोबाइल लावून, मी गॉगल घालून, बसवरचे चार ड्रायव्हर, मेसमधला इकबालभाई. शेवटी "टॅल्बटताई मित्रमंडळ, दोहा-कतार".

आणि ताईंच्या शेजारी, तेवढ्याच आकारात, मिस्टर क्लाइड. मागं एकदा त्यांनी मोबाइलवर एक जुना फोटो दाखवला होता. कॉलेजच्या पायऱ्या, दोघं बसलेले, तिच्या मांडीवर हातानं रंगवलेला बोर्ड, "लोरेनला मत द्या". तिचे केस उडतायत, आणि हे कॅमेऱ्याकडं बघतच नाहीत. वॉलपेपर करून देतो म्हणून तो मी मागून घेतला होता. तोच वापरला.

१३ फेब्रुवारी

डिझाइन लॅपटॉपवर दाखवलं. मिस्टर क्लाइड इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. प्रत्येक चौकटीवर बोट ठेवून विचारत होते, हा कोण, तो कोण. पोपटरावांचा मोबाइल बंद आहे का चालू, तेही विचारलं.

मग त्यांचं बोट जुन्या फोटोवर आलं आणि हसू थांबलं.

"मला इथून काढ. खाली टाक, या मुलांच्या ओळीत. वर ती एकटी हवी."

"पण सर, तुम्ही तर त्यांचे..."

"मी शुभेच्छुक आहे," म्हणाले. अर्थ मीच पाच मिनिटांपूर्वी समजावला होता. "छोटा फोटो. ओळीत."

पोपटरावांना विचारलं. ते खो खो हसले. "आरं, मोठी मानसं आसंच म्हंत्यात. आमच्या सायबांनी तर 'माझा फटू नको' म्हनून दम दिला हुता. एकानं खरंच नाही लावला. त्याला पुढं तिकीटच न्हाई भेटलं! 'नको' म्हनला की मोठा लावायचा आसतो."

बरोबर आहे. मोठाच ठेवला.

१४ फेब्रुवारी

सकाळी मेसच्या कुंपणावर फ्लेक्स लावला. बंगाली, नेपाळी, केरळी, सगळे त्याच्याखाली सेल्फी काढत होते. मी फेसबुकवर टाकला आणि ताईंच्या पेजला टॅग केलं. मिस्टर क्लाइड चार दिवस अबूधाबीला आहेत. आल्यावर बघून खूश होतील.

दुपारी पूर्णिमाच्या भावाचा मेसेज, मित्रांच्या ग्रुपवर. "ताईचं लग्न ठरलं. १५ मे. मुलगा पुण्याला, तिच्याच फील्डमधला. मांडवाच्या दारात मित्रपरिवाराचा फ्लेक्स करतोय, सगळ्यांनी आपापला एकेक फोटो पाठवा."

फोटो पाठवा!

मी मोबाइल गादीवर आपटला. आता तिकीट काढतोच. जाऊन मांडवात उभा राहतो, बघू कोण काय करतं. तो पुण्याचा कोण आहे ते तर बघतोच. पोपटराव म्हणाले, "तिनं तुला कदी हो म्हनलं हुतं का?" मी म्हटलं, सगळं शब्दांत सांगावं लागतं का? त्यावर ते कुशीवर वळले.

१८ फेब्रुवारी

वल्लरीचा फोन. "दादा, यू आर ऑन अमेरिकन टीव्ही. इट्स सो एम्बॅरसिंग."

ताईंच्या विरोधकानं जाहिरात केलीय. आमचा फ्लेक्स पडदाभर. माझा गॉगल, पोपटरावांचा मोबाइल, आणि मागून जाड आवाज: "टॅल्बटना टेनेसीची मतं हवीत की कतारची?" मग जुन्या फोटोवर लाल वर्तुळ: "आणि हा माणूस कोण?" तिकडं आता सगळ्यांचा तोच प्रश्न. म्हणे वर्ल्ड कपच्या पैशावरचा माणूस. म्हणे काय नि काय. सर्व्हेत ताई खाली आल्या.

ॲडमिननं बोलावलं. साइटवर राजकीय बॅनर लावायला सक्त मनाई आहे. नोकरी गेलीच होती. मिस्टर क्लाइड नुकतेच अबूधाबीहून आलेले, मागून आत आले आणि म्हणाले, "मी सांगितलं होतं त्याला." सरळ खोटं. हा माणूस फोरमनला कधी खोटं बोलू देत नाही.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सर, एकेकाला कॉमेंटमध्ये धुतो. रात्रभर बसतो."

"कुशल," ते म्हणाले, "तिच्यावर माया असलेल्या माणसांनी आता जरा गप्प बसावं, हीच तिला मदत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि रागही आला. एवढं करून माझंच चुकलं? पूर्णिमाही तेव्हा असंच म्हणाली होती, जवळजवळ ह्याच शब्दांत. सगळी शांत माणसं सारखीच.

२३ फेब्रुवारी

आज केबिनमध्ये मलाही बसवून घेतलं. ताईंची मुलाखत होती. बाईंना कुठलाही प्रश्न विचारा, आधी एक बाजू सांगतात, मग दुसरी, मग म्हणतात बसून बोलू. म्हणून तर पडतात. मुलाखत घेणाऱ्यानं फोटो पुढं केला. "हा कतारमधला माणूस कोण?"

मिस्टर क्लाइडनी खुर्चीचे हात धरले.

ह्या वेळी बाईंनी दुसरी बाजू सांगितलीच नाही. म्हणाल्या, "क्लाइड. मला पहिल्यांदा निवडणुकीला त्यानं उभं केलं. आणि पाडलंही त्यानंच. पण तो होता म्हणून दुसऱ्यांदा उभं राहायचा धीर आला. तो चांगला माणूस आहे, आणि त्याचे ते मित्र मला फार आवडले. गॉगलवाला मुलगा तर खास."

सभागृह हसलं. मिस्टर क्लाइडही हसले, पण जरा उशिरा.

"तुम्ही कसं पाडलं, सर?"

"तेव्हा माझं डोकं फार तापायचं," म्हणाले आणि उजव्या हाताची बोटं चोळत राहिले. हा माणूस, आणि डोकं तापणार! केबिनमधली माशीसुद्धा दार उघडून बाहेर घालवतो.

जाता जाता विचारलं, "मग तुम्ही तिथून निघालात कधी?"

"त्याच वर्षी. मला वाटलं, मी तिच्यासाठी जातोय."

२ मार्च

टेनेसी. सकाळपासून आकडे येत होते. पोपटरावांनी बस धुवायची सोडून खिडकीला नाक लावलं होतं. आठच्या सुमाराला कळलं. ताई दुसऱ्या. स्वतःच्या राज्यात. थोडक्यात गेलं, पण गेलं.

मग ताई बोलायला उभ्या राहिल्या. तोच निळा कोट. ज्यानं पाडलं त्याचं अभिनंदन केलं, त्याच्या मतदारांची मनं कडू करू नका म्हणाल्या. शेवटी म्हणाल्या, "मी घरी जातेय. अंगणातली झाडं माझी वाट बघतायत." लोक रडत होते. त्या नव्हत्या.

माझं डोकं सणकलं. "फ्लेक्समुळं झालं सगळं. तुम्ही मला शिव्या तरी द्या!"

"फ्लेक्स नसता तरी हरली असती," मिस्टर क्लाइड म्हणाले. "मवाळ माणसाला जिंकायला लोकांचा राग उतरावा लागतो. कधी उतरतो, कधी नाही." मग लॅपटॉप मिटला आणि म्हणाले, "मी घरी जायचं म्हणतो."

"सुट्टी?"

"नाही. घरी."

मला कळेना. बाहेर येऊन पोपटरावांना म्हटलं, हरल्यावर कोण भेटायला जातं? ताई जिंकल्या असत्या तर जाण्यात अर्थ होता.

पोपटराव टायरवर पाणी मारत म्हणाले, "जिकल्यावर दारात गर्दी आसती, येड्या. ह्याला आत कोन सोडलं आसतं?"

११ मार्च, शुक्रवार

मिस्टर क्लाइडबरोबर सूक वाकिफच्या जुन्या बाजारात. खजुराची पेटी आणि केशर घेतलं. केशराची डबी उघडून तीनदा वास घेतला. "तिच्या आईच्या स्वयंपाकघरात कधी केशर नव्हतं," म्हणाले, "पण मला उगाच तिथलाच वास येतो." एवढी वर्षं झाली तरी ह्यांना कुणाच्या तरी आईचं स्वयंपाकघर आठवतं. मला नवल वाटलं. मग मला कॅन्टीनमागच्या रंगाचा वास आला, टर्पेंटाइनचा.

येताना म्हणाले, "तो फ्लेक्स पुन्हा छापशील? मी सांगितला होता तसा."

"आता? संपलं की सगळं."

"म्हणूनच. आता त्याचा कुणाला त्रास नाही."

२५ मार्च, शुक्रवार

मिस्टर क्लाइड आज टेनेसीला गेले.

पोपटरावांनी बस नाही, मित्राची गाडी आणली. फ्लेक्स मी रात्री पुन्हा केला होता. वर लोरेनताई एकट्या, केस उडतायत, मांडीवर बोर्ड. खाली ओळीत आम्ही सगळे, पोपटराव, इकबालभाई, मी, आणि इकबालभाईच्या शेजारी, तेवढ्याच गोल चौकटीत, मिस्टर क्लाइड. फोटो आताचा. केस पांढरे. "घवघवीत तृतीय क्रमांक" तसंच ठेवलं. ते मिस्टर क्लाइड काढू देत नव्हते.

विमानतळावर त्यांनी गुंडाळी उलगडून बघितली, चालत्या माणसांच्या मध्ये, जमिनीवर पसरून. मग म्हणाले, "आता बरोबर आहे. इथून ती नीट दिसते."

"सर, त्या ओळखतील ना तुम्हाला? एवढ्याशा फोटोत?"

"नाही ओळखलं तर विचारेल, हा कोण. ती सगळ्यांना विचारते." हात मिळवला. तो हात कडक होता, बोटांची हाडं जाड, एक जरा वाकडं बसलेलं. इतके दिवस कॉफी देतोय, कधी लक्षात आलं नव्हतं. "यल्ला, कुशल," म्हणाले. चार वर्षांत शिकलेला 'चला' अर्थाचा तेवढाच एक अरबी शब्द, तोही चघळून.

परत येताना स्टेडियमची कमान दिसली तेव्हा पोपटराव म्हणाले, "तिकीट काडलंस का मे म्हैन्याचं?"

काढलं होतं. म्हणजे पैसे भरायचे बाकी होते. मांडवात जाऊन काय बोलायचं ते पाठ केलं होतं. आता आठवून बघितलं तर त्यात एकही वाक्य तिचं नव्हतं, सगळी माझी.

मोबाइल काढला. पूर्णिमाच्या भावाचा महिन्यापूर्वीचा मेसेज सरकत सरकत पार वर गेला होता. खाली सगळ्यांनी आपापले फोटो टाकलेले, होस्टेलवाल्यांनीसुद्धा. ज्याचं नाक फोडलं होतं त्याचाही होता. नाक चांगलं बसलंय.

पूर्णिमाला लिहिलं, "अभिनंदन. जेवलीस का?"

मग गॅलरी उघडली. सगळ्याच फोटोंत गॉगल. काकूंच्या गच्चीवर, समुद्रकाठच्या कॉर्निशवर, मेसमध्ये. पोपटरावांना गाडी कडेला घ्यायला लावली आणि खाली उतरून उन्हात उभा राहिलो. ते म्हणाले, "डोळं बारीक व्हायलेत रं." म्हटलं, होऊ देत.

एकच काढला. तोच ग्रुपवर तिच्या भावाला पाठवला, आणि खाली लिहिलं, "कुठंही लाव. खालच्या ओळीत चालेल."